जुना गिअरबॉक्स उघडावा की नाही?

मोटारगाडीच्या गिअरबॉक्सवर कला शाखेच्या विद्यार्थ्याने लेख लिहावा, हे वार्षिकांकाच्या वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. कथा, कविता, सहलीचे वर्णन हे आपले नेहमीचे विषय. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या डोक्यात दुसरे काहीच नव्हते. आमच्या जीपगाडीचा गिअरबॉक्स निकामी होत आला होता आणि भंगारातला एक वापरलेला गिअरबॉक्स घेऊन तो नव्याने बांधावा की नाही, हे ठरवायचे होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे आप्पा म्हणाले, "तू शिकतोस ना? मग कागदावर मांड आणि सांग." इतिहास आणि मराठी शिकणाऱ्याला हा प्रश्न तसा अवघडच. पण शोध घेत गेलो तेव्हा लक्षात आले, की विचार कोणत्या क्रमाने करावयाचा हे एकदा कळले म्हणजे निम्मे काम होते. तो क्रम सांगावा एवढाच ह्या लेखाचा हेतू.

आधी गाडीविषयी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जी जीप तयार झाली, तिची शेतकऱ्यांसाठीची आवृत्ती विलिस कंपनीने १९४५ साली काढली. तिला टी-९० नावाचा तीन गिअरचा गिअरबॉक्स बसवला होता. आपल्याकडे १९४७ साली मुंबईत सुट्या भागांवरून जीप जुळवण्यास सुरुवात झाली. ते काम करणाऱ्या कंपनीचे नाव पुढे १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र असे झाले. १९५३ साली सी.जे.-३बी हा नमुना आला. त्याच्या इंजिनाचे डोके उंच, म्हणून बॉनेटही उंच. आपल्याकडचे मिस्त्री अजून 'लो बोनेट' आणि 'हाय बोनेट' अशाच नावांनी ह्या गाड्या ओळखतात. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद झाला, भारतात मात्र त्याची घडण पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. तहसीलदारांची जीप, वनखात्याची जीप, निवडणुकीतली कर्णा बांधलेली जीप ह्या बहुतेक त्याच वंशातल्या. आमची गाडी १९७२ सालची, पेट्रोलवर चालणारी. १९८६ मध्ये आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतली. आता हौशी लोक अशा गाडीला 'क्लासिक' म्हणतात. आमच्या घरी ती मजूर, पाइप, कांद्याचे रोप आणि बाजाराच्या दिवशी आजीला नेणारी गाडी आहे.

आता गिअरबॉक्स कशासाठी असतो ते पाहू. इंजिन हे अंगमेहनतीच्या माणसासारखे नाही. माणूस सावकाशही जोर लावू शकतो. इंजिनाला जोर येण्यासाठी भरभर फिरावे लागते, आणि गाडी तर चढावर हळू चालवायची असते. ह्या दोहोंचा मेळ दातेरी चाके घालतात. टी-९० मध्ये पहिल्या गिअरला इंजिनाच्या २.८ फेऱ्या होतात तेव्हा मागे जाणाऱ्या शाफ्टची एक फेरी होते. दुसऱ्याला १.५५ फेऱ्यांना एक आणि तिसऱ्याला एकास एक. गिअरबॉक्सच्या पाठीला आणखी एक पेटी जोडलेली असते. तिच्यातून पुढच्या चाकांना शक्ती जाते आणि तिच्यात २.४६ पटीचा एक जादा 'लो' गिअर असतो. मूळ नमुन्याच्या ॲक्सलमध्ये शेवटची घट ५.३८ पट. हे तिन्ही आकडे गुणले तर सुमारे ३७ येतात. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये आणि 'लो'मध्ये इंजिनाच्या ३७ फेऱ्यांना चाकाची एक फेरी! भर पावसात आमच्या शेताच्या रस्त्यावर नव्या गाड्या रुततात आणि ही म्हातारी निघून जाते, ती ह्या गुणाकाराच्या बळावर.

पेटीच्या आत तीन मुख्य गोष्टी असतात. वरच्या बाजूला मेनशाफ्ट, त्यावरचे गिअर आणि खाली काउंटर गिअर. काउंटर गिअर म्हणजे एकाच पोलादी तुकड्यात कापलेली लहानमोठी चाके. इंजिनाची फेरी आधी खाली उतरते आणि तेथून हव्या त्या चाकातून पुन्हा वर येते. ह्या काउंटर गिअरच्या पोटात सुईसारखे बारीक रोलर आणि दोन्ही टोकांना पितळी जातीच्या धातूच्या चकत्या असतात.

तिसरी गोष्ट सिंक्रो. चालत्या एस.टी.त चढणारा माणूस आधी तिच्याबरोबर चार पावले पळतो आणि वेग जुळला की पाय टाकतो. न पळता पाय टाकला तर काय होते ते सांगायला नको. सिंक्रोची पितळी रिंग हेच करते. गिअरच्या निमुळत्या भागावर ती घासते, दोन्ही भागांचा वेग सारखा करते आणि मगच दाते एकमेकांत बसतात. टी-९० मध्ये ही सोय फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला आहे. पहिला गिअर टाकायचा तर गाडी थांबवावी लागते किंवा डबल क्लच मारावा लागतो. घाई केली की 'खर्र' आवाज येतो, आणि प्रत्येक आवाजाबरोबर दात्याच्या टोकाची एखादी कपची पेटीच्या तळाशी जाते.

आमच्या गाडीचा रोग दुसऱ्या गिअरमध्ये होता. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये येई. सपाट रस्त्यावर ही कटकट असते, घाटात मात्र तो धोका आहे. पिंपळनेरहून नवापूरला जाताना चरणमाळचा घाट लागतो. तेथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवतात, कारण तेव्हा चाकांना इंजिन फिरवावे लागते आणि इंजिन त्यांना मागे ओढून धरते. ब्रेकवर भार कमी येतो. ह्या जीपचे ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. सतत दाबले तर तापतात, आणि तापले की पकडत नाहीत. गेल्या दिवाळीनंतर घाट उतरताना गिअर सुटला तेव्हा गाडीत मजुरांसह नऊ माणसे होती. आप्पांनी डाव्या हाताने दांडा दाबून धरला आणि एका हाताने स्टिअरिंग सांभाळत गाडी खाली आणली. त्यानंतर त्यांनी गाडीत माणसे घेणे बंद केले. गाडी घरी उभी राहिली तर मजूर आणायला रोज भाड्याची रिक्षा, आणि तशीच चालवली तर नऊ माणसांचा प्रश्न. म्हणून निर्णय लांबणीवर टाकता येत नव्हता.

गिअर सुटतो म्हटले की पहिला सल्ला मिळतो, "गिअरबॉक्स बदला." हा सल्ला देणारे बहुधा दुसरा गिअरबॉक्स विकणारेच असतात. नाना मिस्त्रींनी (ते चाळीस वर्षे जीपच दुरुस्त करीत आले आहेत) आधी स्वस्त कारणे तपासली. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारे बोल्ट ढिले असले तर पेटी किंचित वाकडी बसते आणि गिअर सुटतो. खालचे रबरी माउंटिंग बसले असले तरी तेच. वरच्या झाकणात गिअर जागेवर धरून ठेवणारी गोळी आणि स्प्रिंग असते, ती स्प्रिंग थकली असेल तर काही रुपयांत काम होते. आम्ही हे तिन्ही करून पाहिले. स्प्रिंग बदलल्यावर आठवडाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. तेव्हा नट काढून तेल पाहिले. ते कपड्यावर ओतले तर त्यात पितळी चमक होती, आणि लोहचुंबकाला पोलादाचे बारीक कण चिकटले. पितळी चमक थोडी असतेच, ती रिंगांची आणि चकत्यांची झीज. पोलादाचे कण मात्र दात्यांचे किंवा बेअरिंगचे. आता पेटी उतरवल्यावाचून गत्यंतर नव्हते.

उतरवली. दुसऱ्या गिअरचे बारीक दाते, ज्यांत सिंक्रोची बाही अडकते, ते झिजून निमुळते झाले होते. दात्याची बाजू सरळ असेल तर बाही धरून राहते, उतरती झाली की भार येताच बाही मागे घसरते. पण हे बदलता आले असते. खरे दुखणे पुढे निघाले. काउंटर गिअरचा शाफ्ट ज्या भोकात बसतो ते पेटीचे भोक लांबट झाले होते. शाफ्ट तिरका, म्हणून काउंटर गिअर तिरका, म्हणून त्यावरचे सगळेच तिरके. अशा पेटीत कितीही नवे भाग घातले तरी ते वर्षभरात खराब होणार. भोक मोठे करून त्यात बुश बसवता येते, पण दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत राहतील अशी हमी आमच्या भागातला कोणताही लेथवाला द्यायला तयार नव्हता.

मला वाटते, सगळ्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. गिअरबॉक्समध्ये काही भाग संपण्यासाठीच असतात. बेअरिंग, रोलर, रिंगा, चकत्या, ऑइल सील, पॅकिंग हे बदलायचेच. ते खराब आहेत म्हणून जुनी पेटी नाकारणे म्हणजे टायर झिजले म्हणून गाडी टाकून देणे. दुसरे भाग पेटीचे भवितव्य ठरवतात. ते म्हणजे ओतीव पेटी स्वतः, काउंटर गिअर आणि मेनशाफ्ट. हे तीन चांगले असतील तर बांधावे. त्यातला एकही गेला असेल तर सहसा बांधू नये. किंमत, बाहेरचा रंग आणि विकणाऱ्याची शपथ ह्यांवरून ह्या तिघांची प्रकृती कळत नाही.

आमच्यासमोर चार वाटा होत्या. पहिली, दिल्लीहून तयार बांधलेला गिअरबॉक्स मागवणे. फोनवर २८,००० रुपये सांगितले, वाहतूक वेगळी. दुसरी, मालेगावच्या एका भंगारवाल्याकडचा वापरलेला टी-९० आठ हजारांत घेऊन बांधणे. तिसरी, चार गिअरची नवी पेटी आणि तिच्याबरोबर डिझेल इंजिन बसवणे. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर जुन्या जीप अशा नव्याने घडवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण इंजिन बदलले की कागदपत्रांत बदल आला, परवानगी आली, आणि खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. चौथी वाट म्हणजे गाडी विकणे. नाशिकच्या एका हौशी गृहस्थांनी बऱ्यापैकी किंमत सांगितली होती.

ते गृहस्थ म्हणाले, "तुम्ही हिची 'विंटेज' म्हणून नोंद करून घ्या, किंमत वाढेल." म्हणून मी तो नियमही पाहिला. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. शुल्क २०,००० रुपये आणि क्रमांकात 'व्ही.ए.' ही अक्षरे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी आणि इंजिन ह्यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. गिअरबॉक्सच्या दुरुस्तीची त्याला अडचण नाही. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही. म्हणजे आमच्या उपयोगाची नाही. साध्या नोंदणीचे नूतनीकरण करावे तर तेही पूर्वीसारखे राहिले नाही. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी ते शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील गाड्यांना १०,००० झाले. जुनी गाडी ठेवण्याच्या हिशेबात हा खर्चही धरलाच पाहिजे. पुष्कळ लोक तो विसरतात.

आप्पांनी एक मर्यादा घातली. घरात जे पैसे होते ते धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले. त्यातले वीस हजार जूनपूर्वी कांद्यातून भरून काढता येतील असा त्यांचा अंदाज होता. "वीसच्या पुढे एक रुपया नाही," ते म्हणाले. दिल्लीची वाट येथेच बंद झाली.

मी, आप्पा आणि नाना असे तिघे मालेगावला गेलो. भंगारवाल्याने वरचे झाकण उघडू दिले, पूर्ण खोलायला मात्र नकार दिला. घरी नेऊन खोलला की परत घेणार नाही, असेही त्याने स्पष्ट सांगितले. आप्पांनी नानांना विचारले, "घ्यावा का?" नाना अहिराणीत म्हणाले, "उघाडीसन देखाबिगर मी काही सांगाव नही." उघडून पाहिल्याशिवाय ते काही सांगणार नव्हते. तरी झाकणातून जेवढे कळते तेवढे त्यांनी काढून घेतले. तेल ताकासारखे पांढरट नव्हते, म्हणजे पाणी शिरले नव्हते. पुढचा शाफ्ट धरून वर-खाली हलवला, थोडा हलला. ते बेअरिंग, म्हणजे बदलायचाच भाग. मग हाताने फिरवत प्रत्येक गिअर टाकून पाहिला. एका फेरीत एकदाच अडकले तर दाता तुटला आहे असे समजावे. सगळीकडे सारखी खरखर असेल तर बेअरिंग. येथे सारखी खरखर होती. काउंटर गिअरच्या दुसऱ्या चाकावर नानांनी नख फिरवले आणि मान हलवली. आठ हजार दिले. टेम्पोचे सहाशे.

घरी आणताच सगळे खोलायचे नाही, असे आधी ठरवले होते. पहिल्यांदा पेटीचा तपास. ती मोडीत निघाली तर पुढचा एकही भाग विकत घ्यायचा नाही आणि गेले ते आठ हजार गेले असे समजायचे. नानांनी रिकामी पेटी रॉकेलने धुतली, रात्रभर ओली ठेवली, सकाळी कोरडी पुसली आणि तिच्यावर खडूची पूड चोळली. बारीक तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल पुडीवर रेघ उमटवते. आम्ही तासभर पाहत बसलो. रेघ उमटली नाही. हातोडीने हलके ठोकल्यावर घंटेसारखा आवाज आला. शाफ्टची भोके गोल होती.

नंतर मोजमाप. येथे माझा थोडा उपयोग झाला. जुन्या इंग्रजी पुस्तिकेची छायाप्रत मिळाली होती, ती मी वाचून सांगे आणि नाना हाताने पाहत. काउंटर गिअर आपल्या शाफ्टवर पुढे-मागे किती सरकावा, ह्याचे माप पुस्तिकेत एक हजारांश इंचाच्या हिशेबात आहे : १२ ते १८, म्हणजे ०.३० ते ०.४६ मिलिमीटर. वर्तमानपत्राची चार ते सहा पाने एकावर एक ठेवली तर तेवढी जाडी होते. नाना सुतात मोजणारे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेथे हे माप कसे बसणार? पण त्यांनी बोटाने गिअर हलवून "दुप्पट शे" म्हणून सांगितले आणि फिलर गेज घातल्यावर ०.९ मिलिमीटर निघाले! चकत्या झिजल्या होत्या. त्या वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात.

पितळी रिंग कशी पाहावी हेही सांगून ठेवतो. ती गिअरच्या निमुळत्या भागावर दाबून बसवावी आणि रिंग व गिअरचे दाते ह्यांमधली फट पाहावी. रिंग झिजेल तशी ती आत बसत जाते आणि फट कमी होते. दोन्ही जवळजवळ टेकले असतील तर रिंग संपली. येथे तसेच होते. मेनशाफ्ट सरळ होता, आणि दुसऱ्या गिअरचे दाते, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, चौकोनी आणि करकरीत होते. पहिला सरकता गिअर मात्र टोकाला कपचे उडालेला. पूर्वीच्या चालकाने घाई केली असावी. गंमत अशी, की आमच्या जुन्या पेटीतला हाच गिअर उत्तम होता, कारण आप्पा गाडी पूर्ण थांबल्याखेरीज पहिला गिअर टाकीत नाहीत. तो काढून ह्या पेटीत घातला. दोन वेगवेगळ्या पेट्यांतली चाके एकत्र आली की ती आवाज करतात. तो आवाज सहन करायचा असे ठरले.

हिशेब असा झाला : पेटी ८,०००, टेम्पो ६००, बेअरिंग, रोलर, रिंगा, चकत्या, सील व पॅकिंग ६,२००, लेथचे काम व किरकोळ ७००, नानांची मजुरी ३,५००. एकूण १९,००० रुपये. नानांनी मजुरी कमी लावली हे आप्पांना कळत होते. त्याबद्दल दोघेही काही बोलले नाहीत.

जुळणीचे काम पाहण्यासारखे असते. सुईसारखे रोलर काउंटर गिअरच्या पोटात ग्रीसने चिकटवतात आणि मध्ये लेथवर कापलेला नकली शाफ्ट घालतात. मग तो सगळा गोळा पेटीत उतरवून, खरा शाफ्ट मागून आत सरकवत नकली शाफ्ट बाहेर ढकलतात. एक रोलर जरी पडला तरी पुन्हा पहिल्यापासून. आमचे दोनदा पडले. नव्या चकत्यांवर फट ०.४० आली. तेलाच्या बाबतीतही एक खबरदारी आहे. डब्यावर 'जी.एल.-५' लिहिलेल्या तेलातील गंधकयुक्त द्रव्ये पितळी भागांना खातात, असा अशा जुन्या पेट्यांचा अनुभव आहे. म्हणून आम्ही 'जी.एल.-४'चे तेल घातले. लिटरभरही लागत नाही, पण तेवढे विचारायला तीन दुकाने फिरलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आप्पा आणि नाना दोघेच, गाडीत वाळूची पोती भरून, चरणमाळला जाऊन आले. दुसरा गिअर सुटला नाही. पहिल्या गिअरला गाडी आता थोडी रडते. गिअरबॉक्समधले तेल मागच्या पेटीत झिरपते, हा ह्या जीपचा जन्मजात दोष आहे, तो नव्या सीलनेही पुरता गेलेला नाही. दर पंधरा दिवसांनी दोन्ही पेट्यांचे नट उघडून बोट घालून पाहावे लागते. ते काम सध्या माझ्याकडे आहे. बहिणीचा प्रवेश झाला, पण भरून काढायच्या वीस हजारांपैकी सात अजून यायचे आहेत, कारण कांद्याने ह्या वर्षी आप्पांचा अंदाज चुकवला.